ऐकू न येणाऱ्याचे काय?

दिवाळीच्या आधी आठ दिवस घरोघरी चाळण्या बाहेर निघतात. चकलीची भाजणी दळून येते, बेसन येते, आणि चाळणीच्या खाली काय पडते इकडे सर्वांचे लक्ष लागते. चाळणीत वर काय उरले याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. चकली खाणाऱ्याने ती करावी असे काही कारणही नसते. तरी जुन्या घरांतून हा चाळ फेकून देण्याची रीत नव्हती. तो गाईच्या आंबोणात जाई, नाही तर एखाद्या दिवशी थालीपिठात मिसळला जाई. चाळणे ही एक क्रिया आणि फेकणे ही दुसरी, एवढे घरातल्या बाईला कोणी न शिकवता कळत असे. अलीकडे या दोन क्रिया एकच असल्यासारखे आपण वागू लागलो आहोत, आणि त्याविषयी मला येथे थोडे लिहावयाचे आहे. मात्र माझा विषय पीठ हा नसून गाणे हा आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आमच्या छत्रपती संभाजीनगरात, सिडकोमधल्या आपल्या घराच्या गच्चीवरील खोलीत ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करतो. भिंतींना स्पंजाच्या लाद्या, दाराला जुनी गोधडी, एक संगणक, दोन स्पीकर आणि तीनचार मायक्रोफोन एवढा त्याचा संसार. भजनी मंडळे, भीमगीते, कव्वाल्या, लग्नाची गाणी, शाळांची स्वागतगीते असे सर्व काही त्याच्याकडे येते. रविवारी सवड मिळाली की मी तेथे जाऊन बसतो. माझे पुस्तकी शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. पुढचे आयुष्य मुलांना शिकवण्यात आणि कादंबऱ्या लिहिण्यात गेले. पण ज्याला आपण पाढे शिकवले तो आपल्याला त्याची विद्या समजावून सांगत असताना ऐकण्यात एक निराळाच आनंद असतो. मास्तराला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा तो एक हप्ता समजावा.

त्याच्या कामाची रीत थोडक्यात अशी. गायक, साथीदार, पेटी, तबला यांचे आवाज वेगवेगळे टिपून घेतात. त्या प्रत्येकाला तो ट्रॅक म्हणतो. मग कोणाचा आवाज वर, कोणाचा खाली, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, असे जुळवीत तो तासन् तास बसतो. हे झाले मिक्स. सारे मनासारखे झाले की शेवटचे काम उरते, ते म्हणजे गाणे संगणकातून बाहेर काढणे. त्याला तो एक्स्पोर्ट करणे म्हणतो. मंडळाच्या लोकांना गाणे मोबाइलवर हवे असते, म्हणून बहुधा एमपी-थ्री नावाची लहान फाईल काढावी लागते. आठ दिवसांच्या मेहनतीनंतरचे हे काम मिनिटाभरात संपते. एक कळ दाबली की झाले.

एकदा असे गाणे बाहेर काढल्यावर त्याने मूळचे सर्व ट्रॅक संगणकातून पुसून टाकायला घेतले. जागा भरली होती, दुसऱ्या दिवशी नवे गिऱ्हाईक यायचे होते. मी विचारले, “अरे, लहान फाईलमध्ये हे सगळे आले का?” तो हसून म्हणाला, “सगळं नाही येत, सर. पण जे येत नाही ते कोणाला ऐकूच येत नसतं. मग ते ठेवून काय करायचं?”

हे उत्तर ऐकायला निरुपद्रवी आहे. जे कोणाला ऐकू येत नाही ते काढून टाकले तर कोणाचे काय बिघडले? परंतु नीतीचे पुष्कळसे प्रश्न असेच निरुपद्रवी चेहऱ्याने घरात शिरतात. ज्याच्या घरातून वस्तू गेली त्याला ती गेल्याचे कळलेच नाही, तर त्याची चोरी झाली म्हणावे की नाही? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ते यंत्र नेमके काय काढून टाकते हे पाहिले पाहिजे.

सीडीवरचे गाणे म्हणजे आकड्यांची एक लांबच लांब रांग असते. एका सेकंदाचे ४४,१०० तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्यापाशी ध्वनीची उंची मोजून ती १६ बिटांत लिहावयाची, आणि डाव्या व उजव्या बाजूसाठी हे वेगवेगळे करावयाचे. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे ५३ मेगाबाइट जागा लागते. १९९५ च्या सुमारास घरच्या टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला २८,८०० बिट नेणारे यंत्र चांगले समजले जाई. त्यावरून हे एक गाणे पाठवावयाचे तर चार तास लागले असते. एमपी-थ्रीच्या रीतीने तेच गाणे सेकंदाला १,२८,००० बिटांत, म्हणजे अकराव्या हिश्शात बसते, आणि चार तासांचे काम बावीस मिनिटांत होते. जर्मनीतील एर्लांगेन या गावी फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी या रीतीवर अनेक वर्षे काम केले. जुलै १९९५ मध्ये अशा फाईलींना एमपी-थ्री हे आडनाव द्यावयाचे ठरले.

अकरातले दहा हिस्से जातात आणि तरी गाणे गाण्यासारखे राहते, हे कसे? याचे रहस्य यंत्रात नसून आपल्या कानात आहे. गणेशविसर्जनाच्या दिवशी गुलमंडीवर ढोलताशे वाजत असताना शेजारी उभा असलेला माणूस काय बोलला ते आपल्याला कळत नाही. त्याचा आवाज हवेत असतो, कानाच्या पडद्यावर आपटतही असतो, पण ढोलाच्या आवाजाखाली झाकला जातो. हेच गाण्यात क्षणोक्षणी घडत असते. मोठ्या स्वराच्या अगदी शेजारचा बारीक स्वर झाकला जातो. मोठा आवाज थांबल्यावरही निमिषभर कान त्याच्याच अमलाखाली असतो. आणि नवल असे की मोठा आवाज सुरू होण्याच्या किंचित आधी येऊन गेलेला बारीक ध्वनीही तो मागे वळून पुसून टाकतो. यंत्र गाण्याच्या बारीक बारीक पट्ट्या पाडते, कोणत्या पट्टीत या क्षणी कानाला किती कळेल याचा अंदाज बांधते, आणि जेथे कळणार नाही तेथील मोजमाप ढोबळ करते. ते एखाद्या वादकाला उचलून बाहेर काढीत नाही. त्याच्या वाजवण्यातील जेवढे सूक्ष्म दुसऱ्याच्या आवाजाखाली झाकलेले असते, तेवढेच ते सोडून देते. मोजमाप ढोबळ केल्याने जी खरखर उत्पन्न होते, तीही मोठ्या आवाजाच्या सावलीत लपवून ठेवते.

ही विद्या घडत असतानाची एक हकीकत मला फार आवडते. सुझॅन व्हेगा या अमेरिकन गायिकेने वाद्याच्या साथीवाचून म्हटलेले एक गाणे ब्रांडेनबुर्ग यांनी कसोटीला घेतले. मोठ्या वाद्यमेळावर यंत्र बरे चालत होते, पण या साध्या, एकट्या आवाजाचा पहिल्या प्रयत्नांत पार विचका झाला. खरखर लपवायला शेजारी दुसरे वाद्यच नव्हते. मग तेच गाणे पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी यंत्राची मापे दुरुस्त केली. गर्दीत पुष्कळ खपून जाते. एकट्या माणसाच्या बाबतीत केलेली हयगय मात्र लगेच उघडी पडते. व्यवहारातही आपला असाच अनुभव नाही काय?

कानाची मर्यादा मोजण्याचा हा उद्योग जर्मनीत प्रथम झाला असे समजू नये. आमच्या गावापासून पंधरा-सोळा किलोमीटरांवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकात तेथे यादव राजा सिंघण राज्य करीत असताना शार्ङ्गदेव नावाचा एक पंडित त्याच्या दरबारी होता. आजोबा काश्मीरहून आलेले, स्वतः हिशेबखात्याचा अधिकारी, आणि लिहिला तो ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ. त्यात त्याने २२ श्रुती समजावून देण्यासाठी २२ तारांच्या दोन वीणा घ्यावयास सांगितले आहे. पहिली तार शक्य तितकी खाली लावावी, दुसरी तिच्याहून किंचित उंच लावावी, आणि ती इतकी किंचित की त्या दोन तारांच्या मध्ये तिसरा ध्वनी कानाला सापडू नये. म्हणजे पट्टी कोणती, तर माणसाचा कान! श्रुती या शब्दाचा अर्थच मुळी ‘जे ऐकू येते ते’. किल्ल्याकडे पाहताना मला वाटते की देवगिरीच्या हिशेबनिसाने कानाची मर्यादा शोधली ती ध्वनी ओळखण्यासाठी, आणि एर्लांगेनच्या शास्त्रज्ञांनी शोधली ती ध्वनी वगळण्यासाठी. ज्ञान जवळपास एकच; त्याचा उपयोग मात्र दोन दिशांना गेला.

परंतु वगळणे हे पापच आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही. ज्यांनी काहीच वगळू दिले नाही त्यांचे काय झाले तेही पाहू. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीनचार मिनिटांचे गाणे मावे. मैफलीत तासभर फुलणारा राग त्या वेळात आटोपावा लागे. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजान यांनी गाऊन शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत सांगितले, ते तबकडी जर्मनीत तयार व्हावयाची होती म्हणून. तेथील कामगारांना गाणारी कोण ते कळावे, यासाठी त्या तीन मिनिटांतलेही दोन क्षण खर्ची पडले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तबकड्यांचे हे बंधन पत्करले, म्हणून १९३७ साली त्यांचे देहावसान झाल्यानंतरही त्यांचा सूर मिरजेपासून दूर दूरच्या घरांत पोहोचत राहिला. उलट भास्करबुवा बखले १९२२ साली गेले आणि अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली. या दोन थोर गवयांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्यांच्या गाण्याचा ठाव शिष्यांच्या गळ्यातून लावावा लागतो. तीन मिनिटांत आवळलेले गाणे हे पुरे गाणे नव्हे हे खरे. पण शून्य मिनिटांचे गाणे त्याहून पुरे असते असे थोडेच आहे?

त्या अल्लादियाखाँसाहेबांच्याच शिष्या केसरबाई केरकर. गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेच्या पलीकडे जाण्यासाठी सोडली आणि त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली. सबंध पृथ्वीवरचे २७ संगीतखंड तिच्यावर आहेत आणि त्यांत केसरबाईंची भैरवी आहे, सुमारे साडेतीन मिनिटांची. तेवढ्यासाठीही जागा अपुरी पडत होती. म्हणून ती तबकडी मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीस अशा नेहमीच्या वेगाच्या निम्म्याने, पावणेसतरा फेऱ्यांच्या आसपास, फिरेल अशी केली. वेग कमी केला की जागा वाढते, पण आवाजातील बारकावा थोडा उणावतो. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. ताऱ्यांना पाठवावयाच्या पत्रातही माणसाला काटछाट करावी लागली. तेव्हा सिडकोतील माझ्या विद्यार्थ्याने मोबाइलसाठी गाणे लहान केले, याचा त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. खेड्यातल्या ज्या माणसाच्या मोबाइलमध्ये चारच गाण्यांची जागा होती, त्याच्याजवळ या लहान फाईलीने चाळीस गाणी नेली. ही काही लहान सेवा नव्हे.

मग हरकत कशाला आहे? ती समजण्यासाठी आमच्या गावातील दुसऱ्या एका वास्तूकडे वळतो.

बीबी का मकबरा पाहणाऱ्या प्रत्येकाला ताजमहाल आठवतो, आणि पुष्कळजण त्याला गरिबाचा ताज म्हणून हसतात. १६६१ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या या इमारतीवर ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे खर्च झाल्याची नोंद सांगतात. ताजमहालाचा खर्च सव्वातीन कोटींच्या घरात मानतात. एवढ्या कमी पैशांत ताजची आठवण उभी करावयाची म्हणजे काही वगळणे आलेच. बांधणाऱ्यांनी ते मोठ्या हुशारीने वगळले. खाली, जेथे माणूस जवळ जातो आणि भिंतीला हात लावतो, तेथे संगमरवर. वरचा घुमट लांबूनही नजरेत भरतो, म्हणून तोही संगमरवराचा. मधल्या भागात मात्र आपल्या दख्खनचा काळा दगड, आणि त्यावर चुन्याचा गुळगुळीत, घोटीव गिलावा. नवी असताना चांदण्यात उभे राहून पाहणाऱ्याला चुना कोठे संपला आणि संगमरवर कोठे सुरू झाला हे सहज कळले नसावे. डोळ्याला काय कळत नाही याचा तो एक नेमका हिशेब होता, एमपी-थ्रीसारखाच.

पण आज काय दिसते? साडेतीनशेहून अधिक पावसाळे गेले. संगमरवर आपल्या जागी शाबूत आहे, आणि गिलावा काळवंडला आहे, जागोजागी डागाळला आहे. जो फरक तेव्हा दिसत नव्हता तो आज शाळेच्या सहलीतील मुलाला बोटाने दाखवता येतो. न दिसणे हा त्या दगडाचा गुण नव्हता. ती त्या दिवसाची स्थिती होती. काळ गेला आणि झाकण निघाले.

ध्वनीवरचे झाकणही असेच निघते. एखादी अवघड तान शिकण्यासाठी विद्यार्थी लहान फाईल निम्म्या वेगाने लावतो, आणि तबल्याच्या सावलीत लपवलेली खरखर उघडी पडते. कधी थाप पडण्याच्या किंचित आधी तिची धूसर चाहूल ऐकू येते, जी तबलजीने कधी वाजवलीच नव्हती. लहान फाईलवरून पुन्हा लहान फाईल काढली की वगळलेल्यातून आणखी वगळले जाते, आणि दरवेळी वगळणारा मनात म्हणतो, कळत तर काही नाही! शिवाय कान कोणाचा हाही प्रश्न आहे. माणसाचा कान सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंतची कंपने ऐकतो असे पुस्तकात असते, पण वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. एकदा वर्गात मी मोबाइलवर १६,००० कंपनांचा ध्वनी लावला. मागच्या बाकांवरची मुले कानावर हात ठेवून ओरडू लागली, आणि मला खोली अगदी शांत वाटत होती! सेकंदाला १,२८,००० बिटांच्या फाईलीतून बहुधा याच्यावरचे सर्व ध्वनी सरसकट कापतात. मला विचारले असते तर ‘खुशाल कापा’ असे मी म्हटले असते. मुलांना कोणी विचारले नव्हते.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. माझ्या विद्यार्थ्याकडे एका वस्तीतील बायकांचे भजनी मंडळ गाणी मुद्रित करण्यासाठी आले. सातजणी होत्या. त्यांतली सर्वांत वयस्कर बाई, जिला सगळ्या आजी म्हणत, तिचा आवाज बारीक आणि थोडा मागे राहणारा. इतरजणींची ओळ संपली की हिचा शेवटचा शब्द त्यांच्यामागून येई, शाळा सुटल्यावर सर्वांत शेवटी दारातून बाहेर पडणाऱ्या मुलासारखा. तिचा आवाज पोहोचेना म्हणून त्याने तिच्यापुढे वेगळा मायक्रोफोन ठेवला. मिक्स करताना मात्र तो मागे राहणारा शब्द कानाला खटकू लागला, म्हणून तिचा ट्रॅक त्याने पुष्कळ खाली ठेवला. यात गैर काही नव्हते. गाणे एकसंध व्हावे हे त्याचे कामच होते, आणि ते सुरेख झाले. मंडळाच्या बायका खूष झाल्या, आजीही खूष झाली. गाणे लहान फाईल होऊन साऱ्या वस्तीच्या मोबाइलवर गेले, आणि नेहमीप्रमाणे मूळचे ट्रॅक पुसले गेले.

चार महिन्यांनी आजी वारली. तेराव्यानंतर तिचा मुलगा गच्चीवर आला. तो गवंडीकाम करणारा, संकोची माणूस. म्हणाला, “दादा, मायचा एकटीचा आवाज निघंल का? घरात तिचा दुसरा आवाज नाही. फोटो आहेत, आवाज नाही.”

ती दुपार मी तेथेच होतो. माझ्या विद्यार्थ्याने जे करण्यासारखे होते ते केले. गाण्यातून आवाज वेगळे काढणारी यंत्रे आता निघाली आहेत. त्याने पेटी काढली, ढोलकी काढली, टाळ काढले. पण सात बायकांच्या एका सुरातून एक बाई वेगळी काढावयाची म्हणजे दुधातून पाणी काढण्यापैकी. जेथे तिचा आवाज इतरांच्या आवाजाखाली झाकला होता, तेथील त्याचे बारकावे यंत्राने सोडून दिले होते. उरले ते पाण्यातून कोणी हाक मारावी तसे काहीतरी. मुलाने हेडफोन कानाला दाबून सारे गाणे ऐकले. मध्येच बोट वर करी. “इथं आहे. इथं... गेली. पुन्हा आली बघा.” ओळीच्या शेवटी मागे राहणारा तिचा शब्द, जो खटकतो म्हणून खाली दाबला होता, तेवढ्याच ठिकाणी ती त्याला सापडत होती. इतर सहाजणी गप्प झाल्यावर उरणारा अर्धा क्षण.

माणूस तक्रार न करता गेला. पैसे किती झाले असे विचारून गेला. आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही.

जे कोणाला ऐकू येत नाही त्याचा उपयोग काय, या प्रश्नाला त्या दुपारी उत्तर मिळाले. ते ऐकणारा कान चार महिन्यांनी जिना चढून यावयाचा होता. एर्लांगेनच्या शास्त्रज्ञांनी कानाचा जो हिशेब मांडला तो सर्वसामान्य कानाचा आहे आणि तो बिनचूक आहे. परंतु ऐकणे केवळ कानाने होत नाही. गर्दीत हजार आवाज असताना आई आपल्या पोराचे रडणे कसे ओळखते? ओळख ज्याला असते त्याच्यापुरते झाकण पातळ असते. आणि कोणाला कशाची ओळख पटणार आहे, हे वगळणाऱ्याला वगळण्याच्या घटकेला ठाऊक नसते.

वाचक म्हणतील, तर काय जगातले सर्वच साठवून ठेवावयाचे? घर कोठे पुरणार, आणि आयुष्य तरी? हा आक्षेप खरा आहे. आपली आठवणसुद्धा वगळतच चाललेली असते, आणि ती तशी न वगळती तर दुःखाने माणूस जगता ना. पण सर्व ठेवा असे मी म्हणत नाही. दुसऱ्याला द्यावयाची वस्तू आणि आपल्यापाशी ठेवावयाची वस्तू यांना निराळे नियम असावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. देताना खुशाल आटोपशीर द्यावे. घेणाऱ्याच्या सोयीचा विचार करणे हा सौजन्याचा भाग आहे. ठेवताना मात्र आपल्या आजच्या कानावर विसंबू नये. ध्वनींचे जतन करणाऱ्या संस्था हेच करतात. त्या सेकंदाला निदान ४८,००० तुकडे आणि प्रत्येकाला २४ बिट, अशी काही न गाळलेली प्रत राखतात, आणि लोकांना ऐकण्यासाठी तीवरून लहान प्रत काढून देतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव टिपून ठेवले, आणि कित्येकींचे आवाजही मुद्रित केले. ओवीचे शब्द मिळाले म्हणजे काम झाले असे त्यांनी मानले असते, तर जात्याची घरघर आणि त्या बाईचा श्वास यांना कोणी चाळणीवरून उतरवून ठेवले नसते.

जी वस्तू ठेवणे खरोखर अशक्य आहे ती टाकताना दोन गोष्टी तरी कराव्यात. ज्याची ती आहे त्याला विचारावे, आणि काय टाकले हे सांगावे. न सांगता केलेले वगळणे आणि सांगून केलेले वगळणे यांत बिटांचा फरक नसेल, पण माणुसकीचा आहे. आजीच्या मुलाला चार महिन्यांपूर्वी कोणी म्हटले असते की मायचा वेगळा आवाज आहे, नेतोस का, तर त्याने पदराला, म्हणजे उपरण्याच्या टोकाला, गाठ मारून तो नेला असता.

माझ्या विद्यार्थ्याने आता एक जादा हार्ड डिस्क घेतली आहे. मूळचे ट्रॅक तो वर्षभर जपून ठेवतो, आणि गाणे देताना गिऱ्हाइकाला सांगतो की वेगवेगळे आवाज हवे असतील तर पेनड्राइव्ह घेऊन या. बहुतेकजण येत नाहीत. काहीजण येतात.

मास्तर असल्यामुळे ही गोष्ट मला केवळ गाण्यापुरती वाटत नाही. आम्हीही दरवर्षी मुलांना बाहेर काढतो, आणि काढताना त्यांची लहान फाईल करतो. दहा वर्षे डोळ्यांसमोर वाढलेले मूल एका टक्केवारीत बसवून त्याच्या हाती देतो. जगाला तेवढेच हवे असते आणि प्रवेशाच्या खिडकीवर तेवढेच चालते, म्हणून त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. पण वर्गात काही मुले मोठ्या आवाजाची असतात, आणि त्यांच्या शेजारी बसल्यामुळेच काही मुले ऐकू येत नाहीत. ती मुकी नसतात. त्या वर्षी, त्या बाकावर, त्या आवाजाखाली ती झाकलेली असतात. निकालपत्रकात त्यांचे बारकावे येणार नाहीत हे ठीक. मास्तराच्या मनातील मूळ प्रतीत तरी ते असावेत. घराचेही तसेच आहे. सणाला सगळे जमले की मोठ्याने बोलणाऱ्यांच्या गोष्टी रंगतात, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेली एखादी आत्या काही बोललीच नाही असे आपण पुढे सांगतो.

शेवटी व्याकरणाच्या मास्तराने करावी अशी एकच सूचना करतो. ‘ऐकू येत नाही’ हे आपले वाक्य मोठे फसवे आहे. त्याला कोणाचा तरी आधार हवा असतो, आणि तो आपण बोलताना गाळतो. त्यामुळे दोष ध्वनीचा असल्यासारखा वाटतो. पुरे वाक्य असे आहे: ‘मला, आत्ता, ऐकू येत नाही.’ हे दोन लहानसे शब्द जागेवर ठेवले तर वाक्य फारसे लांबत नाही, आणि पुसण्याची कळ दाबण्यापूर्वी हात क्षणभर थांबतो.